नेट बंद? आधी पिंग करा!

रात्रीचे आठ वाजले होते. साडेआठला न्यू जर्सीत माझ्या भाच्याचं बारसं, तिथे सकाळचे अकरा. पाळणा म्हणायचा मान आजीचा, म्हणजे माझ्या आईचा. आणि नेमकं तेव्हाच दांडिया बाजारच्या घरी लॅपटॉपवर एकही पान उघडेना. मोबाईलचा डेटा दुपारीच संपलेला. "कंपनीलाच झापतो आता!" बाबा फोनवर तणतणले. मी ऑफिसात अडकलो होतो. म्हटलं, "बाबा, आधी गाडी कुठे अडली आहे ते तर बघू."

विंडोजच्या स्टार्टमध्ये इंग्रजीत 'सीएमडी' लिहून एंटर दाबलं की काळी खिडकी उघडते. तिला घाबरायचं कारण नाही. आपण फक्त विचारपूस करतो, काही बिघडत नाही. नियम एकच: जवळून लांब जायचं.

आधी 'आयपीकॉन्फिग'. त्यात 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो तो आपल्या राउटरचा पत्ता. मग 'पिंग', एक जागा सोडून तो पत्ता. संगणक राउटरला चार हाका मारतो. चारही उत्तरं आली, तर घरातलं वायफाय ठीक. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर दोष बहुधा घरातच.

मग 'पिंग ८.८.८.८'. हा गूगलचा सर्व्हर. इथूनही उत्तर आलं, म्हणजे बाहेरची लाइन चालू. बाबांना चारही उत्तरं मिळाली. "मग पान का उघडत नाही?" ते वैतागले.

उरली टेलिफोन डिरेक्टरी. आपण साइटचं नाव लिहितो, पण संगणकाला लागतो आकड्यांतला पत्ता. तो शोधून देतो डीएनएस सर्व्हर. 'एनएसलुकअप गूगल डॉट कॉम' लिहिल्यावर (डॉट म्हणजे नुसता टिंब) उत्तरच येईना. चोर सापडला! नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ भरायला सांगितलं. आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी पान उघडलं आणि आईने घसा साफ केला.

'पिंग' माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३च्या डिसेंबरमध्ये लिहिला. पाणबुडी शोधणारं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून हे नाव. वाटेतला प्रत्येक थांबा पाहायचा असेल तर विंडोजवर 'ट्रेसर्ट' आहे. मात्र काही सर्व्हर मुद्दामच हाकेला ओ देत नाहीत. एकाच ठिकाणी उत्तर नाही म्हणून लाइन तुटली असं समजू नका.

कंपनीला फोन कराच, पण "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "राउटर उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही" असं सांगा. तपासणीचा निम्मा वेळ वाचतो.

परवा शेजारचे काका नेटच्या नावाने खडे फोडत आले. बाबांनी चष्मा लावला आणि शांतपणे विचारलं, "पिंग करून बघितलंत का?"