पोटदुखीचा तास

९.२०
कर्नाटकातल्या आमच्या लोंढ्यात जुलैचा पाऊस तिरका येतो, म्हणून प्रार्थना व्हरांड्यातच. नाडगीत, म्हणजे राज्यगीत, संपतं आणि सातवीच्या रांगेतली एक मुलगी कपाळाला हात लावून मटकन खाली बसते. "बाई, मी मरतोय!" आमच्या भागात मुलीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी तिच्या कपाळाला हात लावते, सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारते. ताप नाही. "आत जाऊन पाणी पी," एवढंच हळू आवाजात सांगते.

हा हात लावणं मी कधी चुकवत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या रडण्याला मी चारचौघांत 'नाटक' म्हणाले. संध्याकाळी तिच्या आईनं तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्यानंतर तो शब्द मी कुठल्याही मुलाला उद्देशून उच्चारलेला नाही.

१०.१५
दूध वाटताना धक्का लागतो, एका मुलाचा पेला सांडतो. "मुद्दाम ढकललं त्यानं! सगळे माझ्यावरच उठलेत!" हुंदके सुरू. सगळा वर्ग मान वळवून बघतोय. मी रडणाऱ्याकडे आधी जात नाही, आधी त्या माना वळवते. "कालचं गणित वहीत पुरं करा, मी तपासणार." पेन्सिली चालू लागल्या की त्याच्या बाकावर बसते आणि दोघं मिळून फडक्यानं दूध पुसतो. पुसून होईतो आवाज खाली आलेला असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वाटतं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय. वर्गात तर ते प्रेक्षक खरोखरच असतात, बाकांवर बसलेले. म्हणून ओरडून गप्प करणं मला पटत नाही, त्यानं प्रयोग आणखी रंगतो. वर्गासमोर मुलाची नक्कल करून हशा पिकवणं तर त्याहून वाईट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि ती नक्कल मला त्यातच मोडते.

११.३०
मराठीचा तास, धडा संवादाचा. मघाशी 'मरणारी' मुलगी म्हातारीचं काम वाचते आणि वर्ग चिडीचूप होतो. आमच्या खानापूर तालुक्यात जत्रेला गावोगावी रात्रभर नाटकं होतात. ही मुलं आईच्या मांडीवर पेंगत ती बघतच वाढलेली. आवाज कुठं चढवायचा, पदर डोळ्याला कधी लावायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धेतल्या कथाकथनाला हिचं नाव द्यायचं मी ठरवलंय. म्हणून उद्याचं मरणं थांबेल, असं मात्र मी समजत नाही.

१.३०
जेवण. भात, सांबार. सकाळचीच मुलगी दुसऱ्यांदा भात घेते.

२.१०
कन्नडचा तास. खिडकीकडचा मुलगा पोट धरून बाकावर आडवा. कण्हणं पार व्हरांड्यात ऐकू जाईल असं. पोटाला हात लावते, कुठं दुखतं विचारते, तो दर वेळी वेगळी जागा दाखवतो. आईला मागच्याच आठवड्यात बोलावून घेतलं होतं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही, घरी कधी दुखत नाही, असं ती म्हणाली.

तीन आठवडे मी वहीत वार, तास आणि काय झालं ते लिहीत होते. अकरा वेळा पोट दुखलं, अकराही वेळा कन्नडच्याच तासाला, आणि दर वेळी मोठ्यानं वाचायची पाळी जवळ आली की. बाकीच्यांचं रडणं प्रेक्षक मागतं. याचं तसं नव्हतं. त्याला प्रेक्षकांपासून पळायचं होतं. मराठी सफाईनं वाचणारा मुलगा वर्गापुढं अडखळण्यापेक्षा आजारी पडणं पत्करत होता, आणि ते समजायला मला तीन आठवडे लागले.

आज त्याची पाळी मी न बोलता ओलांडते.

४.२०
घंटेनंतर त्याला थांबवते. पोटाचा विषय काढत नाही. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या बसची पाटी फळ्यावर लिहिते. हुब्बळ्ळी.

"यातलं काय येतं?"

"हु येतं. पुढचं खाली लटकलंय ते नाही येत, बाई."

यालाच ओत्तक्षर म्हणतात. मराठीत जोडाक्षर बहुधा आडवं जातं, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी बसतं. ते वेगळ्या खडूनं रंगवते. ब खाली ब, ळ खाली ळ. तो बोट ठेवत वाचतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा पाटी पुरी होते.

स्टेशनकडून इंजिनाचा भोंगा येतो. दप्तर खांद्याला लावून तो दारापर्यंत जातो आणि वळतो.

"बाई, अळनावरच्या पाटीला पण लटकतंय काय?"

"लटकतंय. काढ बघू."

ळ काढतो, पायाशी न बसवतो आणि काना कुठं द्यायचा यावर अडतो. काना वरच्या ळला द्यायचा, ऐकू मात्र येतो खालच्या 'न'च्या नंतर. मी सांगत नाही. खडू हातात धरून तो फळ्याकडे बघत उभा राहतो.