‘मालफंक्शन ५४’ म्हणजे काय?

२१ मार्च १९८६. अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथील कर्करोग रुग्णालयात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राखाली एक रुग्ण झोपला होता. हे यंत्र इलेक्ट्रॉनांचा झोत किंवा क्ष-किरण देऊ शकत असे. कोणते किरण द्यायचे आणि किती, हे यंत्राची चालिका बाहेर बसून संगणकावर टाइप करी. त्या दिवशी तिने ‘ई’ऐवजी सवयीने ‘एक्स’ टाइप केले. चूक लगेच लक्षात आली. तिने ती दुरुस्त केली आणि झोत सुरू करण्याची कळ दाबली. यंत्र थांबले व पडद्यावर शब्द उमटले: ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे बिघाड क्रमांक ५४.

अशा वेळी आपण माहितीपुस्तिका उघडू. पण चालकांसाठीच्या पुस्तिकेत या क्रमांकांचा खुलासाच नव्हता. देखभालीच्या कागदपत्रांत क्रमांक सापडत, पण त्यातून रुग्णाला धोका आहे की नाही ते कळत नसे. या यंत्राच्या एका चालिकेने पुढे सांगितले, की यात इतक्या सुरक्षा-योजना आहेत की रुग्णाला जास्त मात्रा जाणे जवळजवळ अशक्य, असेच तिला शिकवण्यात आले होते. बारीकसारीक बिघाड तर रोजचेच असत. ‘पी’ ही कळ दाबली की काम पुढे चाले. टायलरच्या चालिकेला पडद्यावर मात्रा फारच कमी गेल्याचे दिसत होते. तिने ‘पी’ दाबली. रुग्णाला दुसरा झटका बसला.

ठरलेली मात्रा १८० रॅड होती. नंतरच्या अंदाजाप्रमाणे प्रत्यक्षात १६,५०० ते २५,००० रॅड गेले. पाच महिन्यांनी तो रुग्ण वारला. ११ एप्रिलला त्याच यंत्रावर, त्याच क्रमांकासह, दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत हेच घडले. तोही वाचला नाही. ‘मालफंक्शन ५४’चा अर्थ नंतर उत्पादकाकडून कळला तो असा: दिलेली मात्रा फार जास्त आहे किंवा फार कमी आहे!

मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी चालिकेला सोबत घेऊन पुन्हापुन्हा प्रयोग केले, तेव्हा तो सापडला. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात कोणी नोंद दुरुस्त केली, तर पडद्यावर नवी नोंद दिसे, यंत्राची मांडणी मात्र तिच्याशी जुळत नसे. म्हणजे हा दोष बाहेर यायला हात सराईत असावा लागे; नवख्या, सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून तो सहसा घडला नसता. चांगल्या पुस्तिकेने पहिला झटका टळला असता, असे आम्ही म्हणणार नाही. दुसरा झटका आणि दुसरा रुग्ण यांच्याबद्दल मात्र तसे म्हणता येईल.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचीच गोष्ट सांगितलेली बरी. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांची निरीक्षणे नोंदवण्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची पुस्तिका मोठ्या हौसेने तयार केली. प्रत्येक सोयीचे वर्णन तीत होते. एका रात्री नवीन विद्यार्थ्याचा फोन आला: ‘त्रुटी १७’ म्हणजे काय? आमच्यापैकी कोणालाच आठवेना. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला स्वतःचाच प्रोग्रॅम उघडून वाचावा लागला. उपकरणाची तार निघाली होती, इतकेच.

लिहिणाऱ्याला आपला प्रोग्रॅम काय करतो ते सांगायचे असते. वापरणाऱ्याला तो अडला की काय करावे ते हवे असते. बेल प्रयोगशाळेत १९७१ साली युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली. प्रणाली लिहिणाऱ्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीच ती तयार केली. तिच्यातील आज्ञांच्या वर्णनात ‘बग्ज’ म्हणजे ज्ञात दोष, असे एक सदर ठेवलेले असे. आमच्यात काय उणे आहे ते आम्हीच सांगतो, असा तो मामला होता. विक्रीसाठीच्या पुस्तिकांत असे सदर फारसे दिसत नाही, यात नवल नाही.

शिक्षकांना यापेक्षाही जवळचे वाटेल असे काम आयबीएममधील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांचे आहे. १९८०च्या दशकात त्यांनी कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. लोक पुस्तिका पहिल्या पानापासून वाचतच नाहीत, असे त्यांना दिसले. ते सरळ कळा दाबू लागतात, चुकतात आणि चुकल्यावर पानेच्या पाने मागेपुढे उलटतात. मग कॅरोल आणि सहकाऱ्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रस्तावना व उजळण्या गाळल्या, खरे काम पहिल्याच पानांपासून करायला दिले आणि कोणती चूक हमखास होते, ती कशी ओळखावी, तिच्यातून मागे कसे यावे, याला जागा दिली. या पुस्तिकेवर शिकणाऱ्यांना नेहमीच्या पुस्तिकेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला. १९९० साली आलेल्या आपल्या पुस्तकाला कॅरोल यांनी नर्नबर्गच्या नरसाळ्याचे नाव दिले. डोक्याला लावून ज्ञान ओतायचे हे नरसाळे जर्मन विनोदात प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही त्याचे चाहते कमी नाहीत!

शाळेत गुणपत्रके किंवा हजेरी संगणकावर आली असेल, तर हा प्रयोग करून पाहता येईल. जे सहकारी तो प्रोग्रॅम प्रथमच वापरणार आहेत त्यांच्या हाती सूचनांचा कागद द्यावा, मागे बसावे आणि तोंड उघडू नये. ते कुठे थबकतात तेवढेच टिपावे. आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही असेच बसवले. अर्ध्या तासात तो अकरा ठिकाणी अडला, आणि त्यांपैकी नऊ गोष्टी आमच्या पुस्तिकेत नव्हत्या.