आजारी मासा आणि मीठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो. भोवतालच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत शरीरात झिरपते आणि शरीरातले क्षार बाहेर निसटतात. निरोगी मासा हे जादा पाणी पातळ लघवीवाटे टाकून देतो आणि कल्ल्यांतील खास पेशींच्या मदतीने क्षार पुन्हा आत ओढून घेतो. जखम, परजीवी किंवा पिशवीतून झालेला लांबचा प्रवास यांमुळे हा तोल ढळतो. टाकीत मोजून मीठ घातले, की आतल्या आणि बाहेरच्या खारटपणातले अंतर कमी होते आणि माशाच्या शरीरावरचा भार हलका होतो. शिवाय काही बाह्य परजीवी मिठाने मरतात. मिठाचे औषध म्हणून काम मुख्यतः एवढेच आहे.

गैरसमज : मासा सुस्त दिसला, की आधी मीठ घालावे.

वस्तुस्थिती : सुस्ती, पंख मिटून बसणे, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करणे ही लक्षणे बऱ्याचदा पाणी बिघडल्याची असतात. नव्या टाकीत उपयुक्त जिवाणू स्थिरावलेले नसल्याने अमोनिया आणि नायट्राइट साचतात. अमोनियावर मीठ काहीच करत नाही. तिथे पाणी बदलणे आणि खाणे कमी करणे हाच इलाज. नायट्राइटच्या बाबतीत मात्र मीठ खरोखर उपयोगी आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते, रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. त्यासाठी लिटरला सुमारे ०.२ ग्रॅम मीठही पुरते. म्हणून आधी पाणी तपासावे आणि मग मिठाचा विचार करावा.

गैरसमज : बोअरच्या पाण्यात क्षार असतातच, वेगळे मीठ कशाला?

वस्तुस्थिती : सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी आणि आसपासचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. टाकीच्या काचेवर आणि भांड्यांवर बसणारा पांढरा थर त्यांचाच. असे पाणी दुष्फेन असते, पण त्यामुळे मिठाचा उपचार आपोआप होत नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. उलट बाजूनेही हेच खरे आहे : मीठ घातल्याने पाण्याचा दुष्फेनपणा वाढत नाही आणि सामूही सुधारत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही मिठाने जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीनरोधक वापरावे लागते.

गैरसमज : आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात, दुकानातले अ‍ॅक्वेरियम सॉल्टच हवे.

वस्तुस्थिती : भारतात किरकोळ विक्रीच्या खाण्याच्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असणे बंधनकारक आहे. लिटरमागे घातलेल्या दोन ग्रॅम मिठातून पाण्यात येणारे आयोडीन मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतकेच भरते आणि तेवढ्याने माशाला अपाय होत नाही. किराणा दुकानातले स्वच्छ जाडे मीठही चालते. पादेलोण मात्र वापरू नये, कारण त्यात गंधकाची संयुगे असतात. एप्सम सॉल्ट हे मॅग्नेशियम सल्फेट असून ते वेगळे औषध आहे. ते मिठाची जागा घेत नाही.

गैरसमज : मूठभर मीठ टाकले की झाले.

वस्तुस्थिती : मात्रा पाण्याच्या मापावर ठरते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि १००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद टाकीत ३० सेंटिमीटर पाणी असेल, तर हिशेब ५४ लिटरचा येतो. खडी आणि दगडांची जागा वजा केली, की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. लिटरला २ ग्रॅम मात्रेसाठी ९० ग्रॅम मीठ लागेल. चमच्यात जाडे आणि बारीक मीठ सारखे भरत नाही, म्हणून ते वजनानेच घ्यावे. टाकीतल्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवून एक-दोन दिवसांत थोडे थोडे ओतावे. न विरघळलेला खडा माशाच्या अंगाला लागला, तर कातडी भाजते. लिटरला १० ते ३० ग्रॅम मात्रेची आंघोळ वेगळ्या भांड्यात आणि काही मिनिटांपुरतीच द्यायची असते. मासा कलंडू लागताच त्याला बाहेर काढावे.

गैरसमज : पांढरे ठिपके गेले म्हणजे रोग गेला.

वस्तुस्थिती : पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थिऑप्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. थंडीत रात्री पाणी एकदम गार झाले, की ताणाखाली आलेल्या माशांवर तो झपाट्याने पसरतो. ठिपक्यात असलेला परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो. पूर्ण वाढल्यावर तो गळून खडीत पडतो, कवच धरतो आणि त्यातून शेकडो पिल्ले पोहत बाहेर निघतात. मीठ मारते ते या पोहणाऱ्या अवस्थेलाच. त्यामुळे ठिपके नाहीसे झाल्यावरही काही दिवस मात्रा टिकवावी लागते. कोमट पाण्यात हे चक्र साधारण आठवडाभरात पुरे होते, थंड पाण्यात लांबते. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ सुमारे दोन आठवडे ठेवण्यामागचे कारण हेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले, की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून उपचाराच्या काळात एअर पंप चालू ठेवावा.

गैरसमज : मीठ सगळ्याच माशांना सोसते आणि कायम ठेवलेले बरे.

वस्तुस्थिती : मोली, गप्पी आणि गोल्डफिश यांना मीठ चांगले सोसते. कोरीडोरस, लोच आणि बरेच टेट्रा यांना ते कमी सोसते, तर गोगलगायी आणि पाणवनस्पती सहज दगावतात. अशा टाकीत आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच उपचार करावा. निरोगी माशाला रोजच्या मिठाची गरज नसते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधेच पाणी भरावे. उपचार संपल्यावर मीठ फक्त पाणी बदलूनच निघते. लिटरला ३ ग्रॅम असताना निम्मे पाणी दोनदा बदलले, तर मात्रा ०.७५ ग्रॅमवर येते.

गैरसमज : मिठाने कोणताही रोग बरा होतो.

वस्तुस्थिती : पोट फुगून खवले उभे राहणे हे बऱ्याचदा मूत्रपिंड निकामी होत असल्याचे लक्षण असते. तिथे मीठ थोडा आधार देते, मूळ रोग बरा करत नाही. आतड्यांतील जंतांपर्यंत ते पोहोचत नाही. खोल जखमांतील जिवाणूंसाठी वेगळे औषध लागते आणि ते मत्स्यतज्ज्ञाच्या किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. दोन-तीन दिवसांत मासा सुधारत नसेल, तर मीठ वाढवत न नेता पाण्याची आणि निदानाची पुन्हा तपासणी करावी.