पपी लिनक्स आणि वायफायचा घोळ

पेनड्राइव्हवरून पपी लिनक्स सुरू झालं, पण वायफाय लागलं नाही, की ‘एवढ्याशा सिस्टीममध्ये ड्रायव्हर कुठून असणार’ असं वाटतं. वाटणं साहजिक आहे. पण खरं कारण बहुधा वेगळं असतं. ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग कसा चालवायचा हे जाणणारा प्रोग्रॅम) लिनक्समध्ये बहुतांशी कर्नलबरोबरच (सिस्टीमचा गाभा) येतात. आज हा लॅपटॉप, उद्या तो, असं फिरायचं असल्याने पपी ते ढिगाने बाळगतं. प्लंबरच्या पिशवीत सगळ्या मापांचे पाने असतात, बाहेर निघतो तो लागेल तेवढाच, तसंच हे. बाकीचे नुसते पडून राहतात.

अडतं ते फर्मवेअरपाशी (खुद्द चिपमध्ये भरायचा, तिच्या उत्पादकाने दिलेला कोड). तो नसेल, तर ड्रायव्हर हजर असूनही वायफाय मुकंच. बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेल्या पपीच्या अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत ड्रायव्हर ‘झेडडीआरव्ही’ आणि फर्मवेअर ‘एफडीआरव्ही’ अशा वेगळ्या दाबीव फायलींत असतात. त्यामुळे पेनड्राइव्हवर कॉपी करताना दुसरी राहून गेली, तरी सिस्टीम निमूट सुरू होते! टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा दिली, की हव्या असलेल्या फर्मवेअर फाइलचं नाव बहुतेकदा तिथेच छापून येतं.