विश्लेषण : बाळ झाले, डिस्चार्जही मिळाला... मग आईची काळजी कोणाची? समजून घ्या ४२ दिवसांचे गणित

प्रसूती सुखरूप झाली की रुग्णालयाबाहेर पेढे वाटले जातात, नातेवाइकांच्या ग्रुपवर बाळाचा फोटो जातो आणि सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे वळते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र आईचा धोका त्या क्षणी संपलेला नसतो. पुण्यात बहुतेक प्रसूती आता रुग्णालयातच होतात. तरीही प्रसूतीनंतर आईला नेमकी कोणती देखभाल मिळायला हवी, हे अनेक कुटुंबांना डिस्चार्जच्या दिवशीही माहीत नसते.

हा विषय महत्त्वाचा का?

मार्च २०२५ मधील पुण्यातील घटना अनेकांना आठवत असेल. अनामत रकमेसाठी अडवून धरल्याने गर्भवतीला वेळेत उपचार मिळाले नाहीत, असा आरोप तिच्या कुटुंबाने दीनानाथ मंगेशकर रुग्णालयावर केला. तिने नंतर दुसऱ्या रुग्णालयात जुळ्या मुलींना जन्म दिला आणि त्यानंतर तिचा मृत्यू झाला. शहरात आंदोलने झाली, सरकारने चौकशी समिती नेमली. तातडीचे रुग्ण तसेच प्रसूती आणि बालरुग्ण विभागात अनामत रक्कम घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले.

त्या वेळी चर्चा झाली ती दाखल करून घेण्याची आणि पैशांची. ती व्हायलाच हवी होती. पण प्रसूतीनंतरच्या देखभालीचा प्रश्न त्यात मागे राहिला. तो प्रत्येक घरासमोर येतो, श्रीमंत असो वा गरीब.

४२ दिवसच का?

गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने स्त्रीचा मृत्यू झाला तर त्याला ‘मातामृत्यू’ म्हणतात. ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. गर्भपिशवी पूर्ववत होणे, टाके भरणे, रक्तदाब मूळ पातळीवर येणे या गोष्टींना साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून ही मर्यादा.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३, तर केरळमध्ये १९ होते. महाराष्ट्राची स्थिती देशापेक्षा बरी आहे, पण केरळचा आकडा पाहिला तर अजून बरेच अंतर कापायचे आहे.

प्रसूतीनंतर रुग्णालयात किती वेळ राहायला हवे?

नैसर्गिक प्रसूतीनंतर आईने आणि बाळाने किमान ४८ तास रुग्णालयात राहावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे धोरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत किमान २४ तास सांगितले आहेत. सिझेरियन झाले असेल तर मुक्काम साहजिकच वाढतो.

‘सगळे नॉर्मल आहे, मग घरीच जाऊ’ असा आग्रह कधी घरचे धरतात, कधी खाटांची गर्दी असते. पण अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगातील सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. वरवर ठीक दिसणाऱ्या बाळंतिणीची प्रकृती तासाभरात ढासळू शकते. म्हणून हे तास रुग्णालयातच काढायचे.

या तासांत काय तपासले गेले पाहिजे?

पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भपिशवी घट्ट आहे की सैल, हे पाहिले जाते. त्यानंतरही दिवसभर ठरावीक अंतराने तपासणी सुरू राहते. सहा तासांच्या आत लघवी झाली का, याची नोंद होणे आवश्यक असते. नातेवाइकांनी नर्सला हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. रक्तस्राव जास्त वाटत असेल तर पॅड टाकून न देता दाखवावे.

रक्त किती गेले, याचा नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज अनेकदा कमी निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरून रक्त मोजले गेले. मर्यादा ओलांडताच ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू केले गेले. गंभीर रक्तस्राव आणि त्याच्याशी संबंधित गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. यात महागडे यंत्र नव्हते, फक्त मोजण्याची शिस्त होती.

पहिल्या तासातील स्तनपानाचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशात सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होतात. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण जेमतेम ४२ टक्के आहे. म्हणजे रुग्णालयात पोहोचूनही पहिला तास हातातून निसटतो.

सिझेरियन झाले असले तरी मदतीने स्तनपान सुरू करता येते. ‘दूध येत नाही’ म्हणून लगेच पावडरच्या दुधाकडे वळू नये. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट चीक थोडाच असतो आणि बाळाला तेवढा पुरतो. पावडरच्या दुधाची जाहिरात किंवा मोफत नमुने देण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

बाळ कमी दिवसांचे असेल, अतिदक्षता विभागात असेल आणि आईला दूध नसेल तर मातृदुग्धपेढीचा पर्याय असतो. देशातील पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. पुण्यात ससून रुग्णालयात अशी पेढी आहे.

सरकारी रुग्णालयात काय मोफत मिळते?

१ जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उत्पन्नाची अट नाही. सरकारी आरोग्य संस्थेत प्रसूत होणाऱ्या प्रत्येक महिलेला पुढील सेवा मोफत आहेत :

• नैसर्गिक प्रसूती व सिझेरियन
• औषधे, साहित्य, तपासण्या आणि गरज पडल्यास रक्त
• आहार : नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवस
• घरून रुग्णालयात, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात आणि ४८ तासांच्या मुक्कामानंतर परत घरी सोडण्यासाठी वाहन
• आजारी बाळावर एक वर्षापर्यंत उपचार

पुण्यात ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय, तसेच महापालिकेची कमला नेहरू (मंगळवार पेठ), सोनवणे (भवानी पेठ), राजीव गांधी (येरवडा) आणि सुतार (कोथरूड) ही रुग्णालये अनेक कुटुंबांचा आधार आहेत. औषधाची चिठ्ठी बाहेरून आणायला दिली तर ‘हे योजनेत बसत नाही का?’ असे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. घरी सोडणारे वाहन हवे असल्यास आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पैशांची मदतही आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलांना पहिल्या अपत्यासाठी ३ हजार आणि २ हजार अशा दोन हप्त्यांत ५ हजार रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये एकरकमी मिळतात. पहिल्या अपत्याचा शेवटचा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाशी जोडलेला आहे, त्यामुळे कागद जपून ठेवा. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींतील महिलांना शहरात ६०० आणि ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात.

खासगी रुग्णालयात काय विचारायचे?

‘पॅकेज’ ठरवताना खोली, जेवण आणि डॉक्टरांचे शुल्क विचारले जाते. प्रसूतीनंतरचे प्रश्न राहून जातात. हे पाच प्रश्न आधीच विचारा : रात्री प्रसूतितज्ज्ञ रुग्णालयात असतात की फोनवर? रक्त कुठून आणि किती वेळात येते? नवजात अतिदक्षता विभाग इथेच आहे का? स्तनपानासाठी मदत करणारी व्यक्ती आहे का? डिस्चार्जनंतरच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत की वेगळ्या?

महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. पुणे शहरात या नियमांची अंमलबजावणी महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. तक्रारही तिथेच करता येते.

घरी गेल्यावर कोण येते?

साखळी तुटते ती इथे. घरच्या घरी नवजात बालक काळजी कार्यक्रमात आशा सेविकेने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. बाळाबरोबर आईचीही विचारपूस करायची असते. शहरात आशांचे काम प्रामुख्याने वस्त्यांमध्ये चालते. सोसायटीतील विसाव्या मजल्यावर कोणी येत नाही. तिथे हा हिशेब कुटुंबालाच ठेवावा लागतो.

दुसरी अडचण माहेरची. प्रसूती पुण्यात आणि पुढचा मुक्काम सोलापूर, लातूर किंवा साताऱ्याला, हे नेहमीचे चित्र. डॉक्टर एका गावात, बाळंतीण दुसऱ्या गावात. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि माता व बाल संरक्षण कार्डाचे फोटो आईच्या, नवऱ्याच्या आणि माहेरच्या एका व्यक्तीच्या मोबाइलमध्ये असायलाच हवेत. डिस्चार्ज कार्डावर प्रसूतीचा प्रकार, किती रक्त गेले, हिमोग्लोबिन, शेवटचा रक्तदाब, गोळ्या आणि पुढील तारीख लिहिली आहे का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्या.

कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही?

• तासाभरात पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके (रक्तदाब प्रसूतीनंतरही वाढू शकतो)
• ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांतून पू
• एका पायाच्या पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे
• सतत रडू येणे, झोप न लागणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

पहिली चार लक्षणे दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. मन उदास होणे पहिल्या काही दिवसांत अनेकींना जाणवते. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो उपचार लागणारा आजार असू शकतो. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सल्ला मिळतो. इजा करण्याचे विचार येत असतील तर आईला एकटे सोडू नका, तातडीने डॉक्टरांकडे न्या.

सव्वा महिन्याची पद्धत बरोबर की चूक?

ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली रीत आणि वैद्यकशास्त्राचे ४२ दिवस यांत फारसे अंतर नाही. विश्रांती, गरम ताजे जेवण, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे जरूर ठेवा. मात्र पाणी कमी देणे, बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे, चीक काढून टाकणे आणि बाळाला मध किंवा घुटी चाटवणे सोडून द्या. कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरू शकतो. आईला अंथरुणाला खिळवून ठेवू नका. थोडे चालण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. लाडू सुरू असले तरी लोहाच्या गोळ्या १८० दिवस आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्याच.

आज मोबाइलमध्ये काय लावायचे?

तीन रिमाइंडर. पहिला तिसऱ्या दिवसाचा : रक्तदाब, रक्तस्राव, टाके आणि बाळाची कावीळ. दुसरा सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यानचा : डॉक्टरांची भेट, दूध आणि मनःस्थिती. तिसरा ४२ व्या दिवसाचा. बाळाचे दीड महिन्याचे डोस याच सुमारास असतात. बाळाला लसीसाठी न्यायचेच आहे, तर त्याच फेरीत आईचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गर्भारपणात मधुमेह झाला असेल तर साखरेची तपासणीही याच वेळी करा.

बाळाच्या लसीची तारीख कोणी सहसा चुकवत नाही. आईच्या तपासणीची तारीखही त्याच कॅलेंडरवर, त्याच दिवशी टाकली तर तीही चुकणार नाही.