सवयीची नजर

परवा पुणे विमानतळावर माझी बॅग क्ष-किरण यंत्रातून गेली आणि अडकली. कारण काय, तर बंगळूरच्या लेकीसाठी बायकोने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा! या यंत्राच्या पडद्यावर धातू निळे दिसतात, सेंद्रिय पदार्थ नारिंगी. बेसन नारिंगी आणि बरीचशी स्फोटकेही नारिंगीच! जवानाने बॅग उघडायला लावली. मागचे प्रवासी कुरकुरले. मला मात्र बँकेतले माझे टेबल आठवले.

त्या टेबलावर मी वर्षानुवर्षे चेकवरच्या सह्या पडताळल्या. हजारो सह्या खऱ्याच निघाल्या. आणि एके दिवशी एक खोटी सही माझ्या डोळ्यांदेखत पास झाली. चौकशीत तोच चेक पुन्हा समोर ठेवला, तेव्हा खोट एका नजरेत दिसली. बँकेने रक्कम भरून दिली. पण त्या वृद्ध खातेदार बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरता येत नाही.

डोळे तेच होते. पण खोटे सापडेल, ही अपेक्षाच त्यांना उरली नव्हती. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती, तेव्हा सुमारे ७ टक्के वेळा ती नजरेतून निसटली. शंभरातल्या एखाद्याच चित्रात होती, तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा!

म्हणून अनेक विमानतळांवर यंत्रच अधूनमधून एखाद्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचे किंवा बॉम्बचे खोटे चित्र मिसळते. तपासनिसाने ते ओळखले की नाही, हे तिथल्या तिथे कळते. न सांगता येणारा आमचा ऑडिटरच जणू यंत्रात बसलेला! युरोपात तर सलग वीस मिनिटांहून अधिक वेळ सहसा कोणाला पडद्यासमोर ठेवत नाहीत.

२२ जून १९८५ रोजी टोरांटोला सामान तपासताना क्ष-किरण यंत्र बंद पडले. उरलेल्या बॅगांवरून हातातले उपकरण फिरवले गेले. बॉम्ब सामानाबरोबर ‘कनिष्क’ विमानात चढला. दुसऱ्या दिवशी ३२९ माणसे गेली.

डबा पुन्हा बॅगेत ठेवताना मी त्या जवानाचे आभार मानले. म्हातारा टोमणा मारतोय, असे त्याला वाटले असावे. तो टोमणा नव्हता.