संकेतांकनाचे प्रमाणपत्र आणि निरंतर अध्ययन

रुग्णाचे निदान आणि त्याच्यावर झालेले उपचार यांची ठरावीक अक्षर-अंकी संकेतांत नोंद करणे म्हणजे मेडिकल कोडिंग होय. अमेरिकेतील रुग्णालयांची विमा-देयके याच संकेतांवर आधारलेली असतात. त्यांपैकी बरेच काम आज भारतात होते आणि आपले काही आयुर्वेद पदवीधरही या व्यवसायात आहेत. शारीर व रोगनिदान यांचा अभ्यास त्यांना तेथे उपयोगी पडतो. मात्र परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेले प्रमाणपत्र पुढे टिकवावेही लागते, याकडे अनेकांचे प्रारंभी दुर्लक्ष होते.

ही प्रमाणपत्रे देणाऱ्या अमेरिकेतील दोन संस्था प्रमुख आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या 'एएपीसी'च्या 'सीपीसी' प्रमाणपत्रधारकास दर दोन वर्षांत ३६ शिक्षण-एकके मिळवावी लागतात. दोन प्रमाणपत्रे असल्यास ४८. शिवाय संस्थेचे सभासदत्वही चालू ठेवावे लागते. १९२८ पासूनची परंपरा असलेल्या 'एएचआयएमए'च्या 'सीसीएस' प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २० एकके आवश्यक असतात. एक एकक म्हणजे साधारणतः एक तासाचे शिक्षण. आयुर्वेद परिषदेतील उपस्थिती येथे आपोआप ग्राह्य ठरत नाही. विषय त्या संस्थेच्या नियमांत बसावा लागतो.

ही अट म्हणजे केवळ शुल्कवसुलीचा मार्ग, असा आक्षेप ऐकू येतो. शुल्काचा भार लहान नाही, हे मान्य केले तरी अटीमागील कारण खरे आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ रोजी 'आयसीडी-९' जाऊन 'आयसीडी-१०' आली आणि निदानसंकेतांची संख्या सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या पुढे गेली. तेथे निदानसंकेत दर ऑक्टोबरात आणि उपचारसंकेत दर जानेवारीत सुधारले जातात. कोविडचा 'यू०७.१' हा संकेत तर ऑक्टोबरची वाट न पाहता १ एप्रिल २०२० रोजीच लागू झाला. १ जानेवारी २०२१ पासून बाह्यरुग्ण तपासणीच्या संकेतांचे निकष बदलले आणि '९९२०१' हा संकेत रद्द झाला. २०१९ साली उत्तीर्ण होऊन पुस्तक मिटून ठेवणारा कोडर दोनच वर्षांत चुकीची देयके करू लागला असता.

३६ एकके चोवीस महिन्यांत विभागली, तर महिन्याला दीड तास पडतो. हाच भार अखेरच्या पंधरवड्यात उचलू पाहणाऱ्यास एकके मिळतील, ज्ञान मिळणार नाही. प्रत्येक वर्गाचे उपस्थितिपत्र त्याच दिवशी जपून ठेवावे. संस्थेने पडताळणीसाठी मागितल्यास ते सादर करावे लागते. मुदत टळू दिल्यास प्रमाणपत्र गमावण्याची वेळ येते.

हा विषय केवळ कोडिंगच्या नोकरीत असलेल्यांचा राहिलेला नाही. आयुर्वेदातील व्याधींना प्रमाणित संज्ञा व संकेत देणारे 'नमस्ते' पोर्टल २०१७ साली सुरू झाले. आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांचा 'आयसीडी-११' मधील विभाग जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जाहीर केला. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. विमा-दाव्यात निदान एक आणि औषधांचे देयक भलतेच सांगत असेल, तर प्रश्न उपस्थित होणारच. म्हणून निदान लिहिणारा वैद्य आणि देयक देणारा औषधालयाचा चालक, दोघांनाही या भाषेची ओळख हवी.

निरंतर अध्ययन आपल्या शास्त्राला नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. आपल्या शाखांच्या मासिक सभांत अर्धा तास संकेतांकनासाठी राखून ठेवावा. कोडिंग करणाऱ्या तरुण वैद्यांना तेथे बोलावावे आणि आपल्याच चार रुग्णपत्रकांवर 'नमस्ते'चे संकेत लावून पाहावेत. आयुर्वेदाच्या निदानांना संकेत मिळाले आहेत. ते अचूक लावणारे हात आपल्यातूनच तयार व्हावयास हवेत.